कुंपणापर्यंतची धाव

‘बांडगूळ’ हा शब्द आपण माणसांसाठी इतका वापरतो, की खरे बांडगूळ पाहिलेले लोक आता थोडेच उरले असतील. आमच्या घरामागच्या रायवळ आंब्याच्या दोन फांद्या बांडगुळाने धरल्या आहेत. लांबून पाहावे तर आंब्यालाच दुसऱ्या तऱ्हेची पालवी फुटली आहे असे वाटते. जवळ गेले की कळते, पाने ह्याची आहेत आणि मुळे त्याच्या फांदीत रुतलेली आहेत. त्या फांद्यांना मोहोर कमी धरतो, कैऱ्या बारीक राहतात आणि निम्म्या गळून पडतात. आजी म्हणायची, “झाडाला काय होत नाय. होतं ते त्याच्या पोरांना.” आजीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तरी गेले वर्षभर मी जे वाचते आहे, त्यातले पुष्कळसे तिच्या दुसऱ्या वाक्यात आले आहे. पहिले वाक्य मात्र मला पटेनासे झाले आहे. त्याविषयी पुढे.

मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. सरड्यापालींशी माझा संबंध आला तो पर्यावरणाच्या प्रकल्पामुळे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा प्रकल्प म्हणजे काय, हे घरी समजावून सांगणे हाच एक प्रकल्प होऊन बसला. आईला प्रकल्प म्हटले की सूर्या नदीवरचे धरण आठवते. “तू काय धरण बांधणार?” असे तिने विचारले. मी म्हटले, वाडीतले प्राणी पाहून लिहून काढायचे आहेत. “मग उंदरांपासून सुरू कर,” असा सल्ला मिळाला.

आमचे गाव वसई तालुक्याच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. हा डोंगर २००३ साली अभयारण्य झाला. पश्चिमेकडे पाहिले की विरार-नालासोपाऱ्याच्या इमारती दर वर्षी थोड्या जवळ सरकलेल्या दिसतात; पूर्वेकडे रान; आणि मध्ये आमची भाताची खाचरे व भाजीची वाडी. यादी करायला घेतली तेव्हा पाली, सरडे, सापसुरळ्या, नानेटी, धामण आणि एकदाच ओझरती दिसलेली घोरपड अशी सरपटणाऱ्यांनीच पाने भरली. ग्रंथालयात जे. सी. डॅनियल ह्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन रेप्टाइल्स’ हे १९८३ सालचे पुस्तक मिळाले. विज्ञान शाखेच्या एका बाईंनी काही शोधनिबंध छापून दिले. एका हातात शब्दकोश धरून मी ते वाचले. एकेका पानाला एकेक संध्याकाळ लागली. प्रकल्प केव्हाच जमा झाला, त्याला गुणही मिळाले, पण त्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून हा लेख.

जूनमध्ये पहिला बरा पाऊस होऊन माती मऊ झाली होती. भेंडीच्या वाफ्याच्या कडेला एक सरड्याची मादी माती उकरताना दिसली. पुढच्या पायांनी उकरायची, मागच्या पायांनी ढकलायची, मध्येच थांबून मान वर करून इकडे तिकडे पाहायची. तिचे पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले होते. अंड्यांचे उंचवटे कातडीवरून दिसत होते. मी विहिरीच्या कठड्याशी बसून राहिले. वीतभर खोल खळगा झाल्यावर ती उलटी फिरली आणि शेपटीकडून आत शिरली. पुष्कळ वेळाने बाहेर आली तेव्हा पोट पार खपाटीला गेलेले, कुशीची कातडी सुरकुतलेली. तिने माती परत लोटली, थुंथण्याने दाबली, वर काही वाळकी पाने आली ती तशीच ठेवली आणि गेली. पुन्हा कधी आली नाही. सरडा एका खेपेला साधारण दहा ते वीस अंडी घालतो आणि तेथून निघून जातो, हे पुस्तकात आहेच. पण ते जाणे प्रत्यक्ष पाहिले की मनाला लागते. कोंबडी निदान एकवीस दिवस बसते. कुत्री तर पिल्लांसाठी अंगावर धावते. ही बाई मागे वळूनही पाहात नाही.

मग तिचे आईपण कशात? सगळे त्या बलकात. पिल्लाला दीड-दोन महिने मातीत काढायचे आहेत. कवच चिवट आणि मऊ असल्यामुळे पाणी तेवढे भोवतालच्या ओलीतून शोषून घेता येते, पण अन्न म्हणाल तर जे आईने जाताना बांधून दिले तेच. चरबी, प्रथिने, संप्रेरके, सगळे एकदाच दिलेले. लेक दूरच्या गावी निघाली म्हणजे शिदोरी बांधतात तशी ही शिदोरी. फरक एवढाच, की ही शिदोरी आई स्वतःच्या अंगातून काढून बांधते.

ह्याच आपल्या वाडीतल्या सरड्याचा अभ्यास धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास सैदापूर, भाग्यश्री शानभाग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी वर्षानुवर्षे केला. (धारवाड १९५६ पर्यंत त्या वेळच्या मुंबई राज्यात होते.) सरड्याची मादी पाऊस लांबला तर अंडी घालतच नाही, कवच धरलेली, पूर्ण झालेली अंडी पोटात घेऊन थांबून राहते आणि त्या थांबण्यात तिची स्वतःची तब्येत खालावत जाते, हे त्यांच्या निबंधात वाचले. दुसरी गोष्ट त्याहून मजेची. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा सगळा बलक संपवून येत नाही. काही भाग पोटात शिल्लक ठेवून येते. पहिले दिवस काही मिळाले नाही तर असावा म्हणून. म्हणजे शिदोरीतली एक भाकरी वाटेसाठी राखलेली!

आता ही शिदोरी बांधण्याआधीच तिच्यात वाटेकरी आले तर?

आपल्याकडे सरड्याला कोणी चांगले म्हणत नाही. विणीच्या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो, त्यावरून इंग्रजांनी त्याचे नाव ‘ब्लडसकर’, म्हणजे रक्त शोषणारा, असे ठेवले. आमच्याकडची पोरेही त्याला दगड मारतात. खरे पाहता बिचारा कोणाचे रक्त शोषत नाही, किडे खातो. उलट त्याच्याच रक्तावर कितीतरी जणांचे चालते. रात्री दिव्याखाली पाल येते तिच्या बोटांच्या बेचक्यांत निरखून पाहा, बारीक लाल ठिपके दिसले तर ते तिच्या अंगावरचे किडे आहेत, तिचा रंग नव्हे. कॉलेजातला आमचा एक मित्र साप पकडून रानात सोडतो. त्याने एकदा पकडलेल्या धामणीच्या खवल्यांखाली गोचिडी होत्या. चिमट्याने एकेक काढताना त्याने मला मोजायला सांगितले. मी सतरापर्यंत मोजल्या. धामणीची अंडी व्हायची होती. गोचिडी फुगून वाटाण्याएवढ्या झालेल्या आणि धामण अशी निपचित, की मला साप आवडत नसूनही तिची कणव आली.

हे झाले बाहेरचे. आतले निराळे. हिवताप माणसालाच होतो असे पुष्कळांना वाटते. पण हिवतापाच्या जंतूंच्या ज्या कुळाने आमच्या तालुक्यातल्या घराघरांत अंथरुणे धरायला लावली, त्याच कुळातल्या डझनावारी जाती सरड्यांच्या रक्तात राहतात. त्या माणसाला होत नाहीत आणि माणसाच्या त्यांना होत नाहीत. कॅलिफोर्नियात हॉपलंड म्हणून ठिकाण आहे. तेथल्या सरड्यांना हा हिवताप डासांपासून होत नाही, चावऱ्या वाळूमाश्यांपासून होतो. जोसेफ शॉल ह्या शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून त्या सरड्यांचा पिच्छा पुरवला. तिकडे ह्या जातीचे नावच ‘फेन्स लिझर्ड’, म्हणजे कुंपणावरचा सरडा. हे वाचून मला हसू आले. आपली म्हण सातासमुद्रापार कशी पोचली, कोण जाणे!

शॉल ह्यांना काय आढळले? आजारी सरडा मरून पडत नाही. तो उन्हात बसतो, किडे धरतो, पाहणाऱ्याला चांगला दिसतो. पण त्याचे रक्त पातळ झालेले असते आणि त्याला दमाने फार वेळ पळता येत नाही. मादीचे आणखी एक होते. उन्हाळा सरताना पुढच्या वर्षाच्या अंड्यांसाठी अंगात चरबी साठवायची असते. हिवताप असलेल्या मादीची साठवण कमी पडते आणि पुढच्या वसंतात तिची अंडी एक-दोनने कमी होतात. १९८३ साली त्यांनी हे मांडले.

एक-दोन अंडी म्हणजे काय मोठेसे, असे मलाही क्षणभर वाटले. मग आईचा हिशेब आठवला. आई पहाटे मेथी-मुळ्याच्या जुड्या घेऊन स्टेशनाबाहेर बसते. टेम्पोचे भाडे, बी-खताची उधारी, बसायच्या जागेचे पैसे, हे सगळे आधी जाते. घरी येते ते उरलेले. त्या उरलेल्यातून आमच्या वह्या, पास, परीक्षेची फी. एखाद्या महिन्याला दोन जुड्यांचे पैसे कमी आले तर कोणाचे काय राहील, हे तिला आधीच ठाऊक असते. परोपजीवी असाच पहिल्या पंगतीला बसतो. पोरांचा वाटा तो उठल्यावर.

पण गोष्ट इतकी सरळ असती तर मी लेख लिहिला नसता. आजारी आईच्या शिदोरीत सगळे उणेच असते असे नाही. अमेरिकेच्या वाळवंटातल्या कासवांना श्वासाचा एक संसर्गजन्य रोग होतो. तो जंतूंचा रोग, परोपजीवी किड्यांचा नव्हे, पण मुद्दा तोच. रोग होऊन गेलेल्या कासविणींच्या पिल्लांच्या रक्तात त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. आईने बलकातून दिलेली. पिल्लांना तो रोग झालेलाच नव्हता. म्हणजे दुखण्याबरोबर दुखण्याशी लढायचे हत्यारही आई कधी कधी बांधून देते, आणि अंडी मातीत टाकून मागे न पाहता निघून जाणाऱ्या आईकडून हे होते.

ज्या निबंधाने माझी झोप घालवली तो फ्रान्समधला. गाब्रिएले सॉर्ची, मान्युएल मासो आणि झाँ क्लोबेर ह्या तिघांनी १९९४ साली छापलेला. युरोपातल्या थंड, ओलसर माळांवर एक लहानसा तपकिरी सरडा असतो. आपल्याकडची घोणस जशी अंडी पोटातच वाढवून जिवंत पिल्ले देते, तशीच ह्याची मादी देते. पोटुशा माद्या पकडून आणायच्या, त्यांच्या अंगावर परोपजीवी किती आहेत ते पाहायचे, पिल्ले झाली की त्यांची धाव मोजायची, खुणा करून त्यांना पुन्हा माळावर सोडायचे आणि पुढे कोण कुठे सापडते ते पाहायचे, अशी ती खटपट. निष्कर्ष निबंधाच्या नावातच दिला आहे. ज्या आयांवर परोपजीवींचा भार जास्त, त्यांच्या मुली जास्त वेगाने धावल्या आणि तरीही जन्मल्या ठिकाणापासून लांब गेल्या नाहीत.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत! लहानपणापासून ही म्हण मी ऐकते आहे. आमच्या शेजारच्या काकांनी माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशीही ती म्हटली होती, थट्टेने. म्हणीचा अर्थ असा, की त्याची ताकदच तेवढी. ह्या फ्रान्सच्या मुलींनी म्हण उलटीपालटी केली. त्यांच्या पायात वेग आहे, इतरांपेक्षा जास्त आहे, आणि त्या कुंपणाशीच थांबतात.

का थांबत असतील? शास्त्रज्ञ ह्याचा एक अर्थ असा लावतात. सरड्यांत आई आणि मुलगी एकाच जागेवर राहिल्या तर एकमेकींच्या वाट्याला कमी येते. म्हणून आई धडधाकट असेल तर मुलीने दूर जाणे बरे. परंतु आई खंगलेली असेल, ती फार दिवस राहण्याचा भरवसा नसेल, तर तिची जागा लवकरच मोकळी होणार. मग मुलीला लांब जायचे कारण काय? ओळखीची जागा, ओळखीचे दगड. हे वाक्य मी शब्दकोश मिटून दुसऱ्यांदा वाचले, कारण शब्द सगळे कळले होते. रात्रीची विरार गाडी होती, खिडकीबाहेर वसईची खाडी जात होती, आणि मला एकदम घरी पोचण्याची घाई झाली.

त्याचे कारण सांगायला हवे. माझा जन्म २००६ चा. दाखल्यावर ठाणे जिल्हा आहे, कारण पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्या पावसाळ्यात माझ्या वेळेला आईला थंडीताप भरला होता. एकदा नव्हे, दोनदा. लावणीचे दिवस होते. मी जन्मले ती दोन किलो शंभर ग्रामची. अडीच किलोच्या आतले मूल कमी वजनाचे समजतात. हिवतापाचा जो कडक प्रकार, फॅल्सिपेरम म्हणतात तो, त्याचे जंतू असलेल्या रक्तपेशी गरोदर बाईच्या वारेत अडकून साठतात. आईचे रक्त कमी होते आणि बाळाला पोचायचे ते पुरते पोचत नाही. आईला कोणता हिवताप होता हे आता कोणी सांगू शकणार नाही. मला पाहायला आलेल्या बायका काय म्हणाल्या ते मात्र आईला शब्दन् शब्द आठवते. “आईच अशी सुकलेली, पोर कुठून धडधाकट व्हायची? आडात नाय तर पोहऱ्यात कुठून येईल?”

आपल्या म्हणी मोठ्या शहाण्या आहेत, पण आईवर त्यांचा रोख जरा जास्तच असतो, असे मला वाटते. खाण तशी माती. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून. म्हण आडात डोकावते आणि पाणी नाही म्हणून आडाला बोल लावते. पाणी उपसून कोण नेते, हे पाहात नाही. गोचीड म्हणीत येत नाही. डास येत नाही. गुडघाभर चिखलात अनवाणी उभे राहून केलेली लावणी येत नाही; आणि रक्त पिणारा अंकुशकृमी पायाच्या कातडीतून अंगात शिरतो तो ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्यांच्याच. शास्त्रज्ञांच्या निबंधात निदान हे पाहुणे मोजलेले तरी असतात. मला शास्त्राविषयी आदर वाटला तो तेथे.

ह्या वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिला वाड्याला दिली आहे. आशाताईंनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, चौथ्या महिन्यात जंताची गोळी खायला घातली आणि मच्छरदाणीत झोपण्याविषयी बजावले. जंताची गोळी माझ्या ओळखीची. २०१५ पासून दर १० फेब्रुवारीला ती आम्हांला शाळेत चघळायला लावीत. ती ताईने निमूट घेतली. लोहाच्या गोळ्या मात्र डब्यात तशाच. मळमळते, हे एक कारण. दुसरे, सासरच्या कोणी तिला सांगितले होते की त्या गोळ्यांनी बाळ काळे होते आणि फार मोठे होऊन अडते.

एका संध्याकाळी आम्ही तिघी ओटीवर मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. मी सरड्यांची सगळी गोष्ट सांगितली. भेंडीच्या वाफ्याची, धारवाडची, कुंपणावरच्या सरड्याची, कासवाची, फ्रान्सच्या मुलींची. कला शाखेच्या मुलीला गोष्ट सांगता येते, एवढे तरी कबूल करावे. ताई हसत होती. आई जुड्या बांधताना मान वर करीत नाही, त्यामुळे ती ऐकते की नाही हे समजत नाही.

“म्हणजे मला ताप आला म्हणून तू हुशार निघालीस?” शेवटी ती म्हणाली.

“तसं नाही गं आई.”

“मग कसं?”

मी सांगितले, सरड्याचे माणसाला जसेच्या तसे लावायचे नसते. सरडीला दवाखाना नाही, डास मारायला फवारा नाही, आणि तिच्या मुलीला कुंपण ओलांडायचे की नाही ते शाळा-कॉलेजावर अवलंबून नाही. हे मी बाईंकडूनच शिकले होते. त्यांनी माझ्या वहीत समासात लाल शाईने लिहिले होते.

“आणि पोरगे?” आईने विचारले. “ते नाय थांबले आईजवळ?”

“निबंधात गोष्ट मुलींचीच आहे.”

“असणारच,” आई म्हणाली आणि पुढची जुडी उचलली.

ताईने त्या रात्री डबा उघडला. सरड्यामुळे उघडला की आशाताईंनी दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला येणार म्हणून सांगितले होते त्यामुळे, हे मी विचारले नाही. जेवणानंतर लिंबाची फोड चोखून ती गोळी घेते. तिचे हिमोग्लोबिन साडेआठ होते, ते पुढच्या खेपेला साडेनऊ झाले.

आता आजीच्या पहिल्या वाक्याकडे येते. झाडाला काय होत नाय. मी वाचलेल्या निबंधांतही, खोटे कशाला सांगू, मला हेच खुपत राहिले. आईच्या रक्तातले किडे मोजतात ते पिल्लांचे काय होते हे पाहण्यासाठी. तो विषयच तसा आहे, त्यात वावगे काही नाही. आपल्या सरकारी गोळ्याही बाई गरोदर असली की घरपोच येतात, कारण पोटात कोणी आहे. पण ती सरडी दमाने पळू शकत नव्हती ती स्वतःच्या पायांनी. पोट खपाटीला गेले ते तिचे. पुढे बाळंतपणे संपली, पोरे कॉलेजात गेली, म्हणजे आईचे रक्त कोणी मोजायचेच नाही काय? गेली वीस वर्षे आई पायऱ्या चढताना मध्ये थांबते. आम्हांला वाटे, ती डोक्यावरच्या पाटीमुळे थांबते.

बी. ए. झाल्यावर मला पुढे शिकायचे आहे. कलिना येथे विद्यापीठात जायचे म्हटले तर येथून रोज येऊन-जाऊन दिवसाचे पाच तास प्रवासात जातील. वसतिगृह घ्यावे लागेल. मी ह्याविषयी घरी बोलले नव्हते, कारण आईला एकटीला पाटी उचलून द्यायला कोण, हा प्रश्न होता. त्या संध्याकाळनंतर दोन दिवसांनी भांडी घासता घासता आई म्हणाली, “तू काय त्या सरड्याची पोरगी हायेस? माझी जागा तुला नको. मला बरीच वरसं लागायची हाय ती.” बस्, एवढेच. मी पुढे काही विचारायच्या आत तिने नळ मोठा केला.

ताईला तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, तेव्हा मी आईलाही रांगेत उभे केले. “मी काय गरोदर हाय?” असे ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, बायका हसल्या. बोटाला सुई टोचली. सात पूर्णांक नऊ. तपासणाऱ्या ताईंनी आकडा दोनदा पाहिला आणि विचारले, “इतके दिवस चालत होता कशा?” आई म्हणाली, “पायांनी.”

तिलाही जंताची गोळी मिळाली आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळी निघताना ती गोळी घेते आणि लगेच चहाचा कप तोंडाला लावते. चहाबरोबर लोह अंगी लागत नाही, गोळी आणि चहा ह्यांत तास-दोन तास तरी जाऊ द्यावे, असे आरोग्य केंद्रात सांगितले होते. मी रोज कप बाजूला ठेवते. ती रोज म्हणते, “आता तेवढं तरी पिऊ दे,” आणि पाटी उचलायला हाक मारते.